निशाणी : नळ

हिशेब मी लिहिला, कारण माझं अक्षर बरं,
आणि लाईट गेली की लूम तसाही मुका.
शंभर पानी वही. पान एक:
राजमणी चिप्पा, अपक्ष. अनामत भरली,
पैकी बाराशे रुपये चिल्लर.
कारकून म्हणाला, बाई, नोटा नाहीत का?
अक्का म्हणाली, आम्ही मोजून आणलंय साहेब,
तुम्ही पण मोजा.

चिन्ह मिळालं नळ.
अख्खी गल्ली हसली.
पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री अडीचला,
आणि आमच्या पत्रकावर नळ, वर थेंब पडताना!
"काय करालाव बे," सिद्राम पानवाला म्हणाला,
"दुसरं काय नव्हतं का? शिट्टी तरी घ्यायची."

सभा घेतली एक. पान सात: खुर्च्यांचं भाडं चारशे,
बसलेली माणसं नऊ, त्यात मंडपवाला.
तेव्हा अक्कालाच सुचलं,
पाणी येतं त्या रात्री कोण झोपतंय?

मग अडीचला निघायचो.
मोटारींची घरघर, पिंपं, घागरी, ओल्या पायऱ्या,
भाषण नाही. कुणाचा पाइप धरायचा,
कुणा म्हातारीची कळशी जिन्यावर न्यायची,
तेवढ्यात काय बोलणं होईल तेवढं.
नीळ्ळु वच्चिनया? नीरु बंता? पानी आया क्या?
एकच प्रश्न त्या महिन्यात मला चार भाषांत आला.
अक्का म्हणायची, पाणी आणते असं मी म्हणणार नाही.
कुठल्या पेठेला किती तास सोडलं
ते चौकातल्या भिंतीवर लिहायला लावते.
आणि महापौर कोण, ते हॉटेलच्या खोलीत नाही,
इथं, याच नळावर विचारून हात वर करते.
"महापौर आपण कुठं निवडतो?" शमशाद आपा म्हणाल्या.
"आपण नाही. पण निवडणारा हात
आपल्या घरचा असला तर?"
आपांनी दुसऱ्या दिवशी चाळीस कडक भाकरी पाठवल्या,
शेंगाचटणी वेगळी. पान अकरा, रक्कम निरंक.

नरसय्या बिंगी, एकवीस रुपये.
शेरा: गिरणीची थकबाकी मिळाली की पुढचे देतो.
गिरणी बंद झाली तेव्हा माझा जन्म झाला नव्हता.

मतदारयादी ती विड्यांसारखी मोजायची,
पंचवीसचा एक कट्टा.
गल्ली चार: अकरा कट्टे, वर सहा.
शेवटच्या आठवड्यात पाकिटं फिरली.
श्रीकांत धावत आला, अक्का, कोपऱ्यावरची तीन घरं गेली,
छाटात टाका.
तिनं सुपातून मान वर केली नाही, पान कापतच राहिली.
"तीस वर्षं माझ्या विड्या छाटात गेल्या.
मालकानं टाकल्या, तेवढी मजुरी कापली.
मी माणूस छाटात टाकत नाही.
जा, त्या घरांत आधी जाऊन ये."

निकाल: दोन कट्टे अकराची आघाडी.
गुलालाचा खर्च आमच्या वहीत नाही,
कुणी उधळला ते अजून कळलं नाही.

महापौर निवडीला मी गॅलरीत होतो.
आमचे शहरभरातून सात आलेले.
नाव पुकारलं, अक्काचा हात वर गेला,
तंबाखूनं तपकिरी बोटं, अंगठ्यावर कात्रीचा जुना घट्टा.
पलीकडं हातांचं रान उभं राहिलं,
काही हात वर जाताना मालकाकडं बघत होते.
सात. मी दोनदा मोजले.
कट्टासुद्धा भरला नाही, अठरा कमी.

रिक्षात ती बराच वेळ गप्प.
जोडबसवण्णा चौक गेला तेव्हा म्हणाली,
"अठरा म्हणजे किती, दहा मिनिटांचं काम."
मी ते वहीत कुठल्या रकान्यात लिहू?
शिल्लक तीनशे बारा रुपये.
"झोपू नको आज," ती उतरताना म्हणाली,
"पाण्याची रात्र आहे."